भेदभावप्रतिबंधक कायदा, समलिंगी संबंध व व्यवसायस्वातंत्र्य

वंश, धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांसारख्या कारणांवरून एखाद्या व्यक्तीस नोकरी, निवास, वस्तू वा सेवा नाकारण्यास मनाई करणाऱ्या कायद्यांस सामान्यतः भेदभावप्रतिबंधक कायदा असे म्हणतात. शासनाने नागरिकांत भेद करू नये, हे तत्त्व आता बहुतेक देशांत मान्य झाले आहे. अधिक कठीण प्रश्न त्यापुढे आहे. खाणावळ, लॉज, दुकान, मंगल कार्यालय, छापखाना इत्यादींचे खाजगी मालक आपले गिऱ्हाईक स्वतः निवडू शकतात काय? समलिंगी व्यक्ती व जोडपी यांच्या संदर्भात हा प्रश्न अलीकडच्या काळात अनेक देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे गेला. भारतात तो या स्वरूपात नवा असला, तरी त्याचा गाभा महाराष्ट्रास परिचित आहे; कारण अस्पृश्यतानिवारणाच्या लढ्यात हाच प्रश्न जातीच्या संदर्भात विचारला गेला होता.

वाटसरू व पथिकाश्रम : इंग्लंडच्या रूढिविधीनुसार पथिकाश्रम चालविणाऱ्याने जागा उपलब्ध असताना आणि वाटसरू पैसे देण्यास तयार असताना त्यास वाजवी कारणावाचून परत पाठवू नये, असा जुना दंडक होता. रात्रीच्या वेळी परक्या मुलखात असलेल्या माणसास दुसरा आसरा नसतो, हे त्यामागील कारण. वेस्ट इंडीजचे प्रसिद्ध क्रिकेटपटू लियरी कॉन्स्टंटाइन यांना १९४३ साली लंडनमधील एका हॉटेलाने वर्णावरून राहू देण्याचे नाकारले, तेव्हा त्या देशात वर्णभेदाविरुद्ध कोणताही अधिनियम नव्हता. १९४४ साली न्यायालयाने याच जुन्या दंडकाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र भरपाई केवळ पाच गिनी देवविली.

भारतात अशा दंडकाचा आधार अस्पृश्यांना मिळाला नाही. डॉ. भीमराव आंबेडकर परदेशातील शिक्षणानंतर १९१७ च्या सुमारास बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना एकाही हिंदू खाणावळीत जागा मिळेना. अखेर ते एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. ओळख उघड झाल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले आणि दिवसभर शोधूनही निवारा न मिळाल्यामुळे त्यांना बडोदे सोडावे लागले. ज्या संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती व अधिकारपद दिले, त्याच संस्थानात खाजगी निवारा न मिळाल्यामुळे ते पद निरर्थक ठरले. शासनाने समान वागणूक दिली, परंतु बाजाराने दिली नाही, तर समानतेचे काय उरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी निराळा मार्ग अनुसरला. त्यांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांनी चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून सर्वांसमक्ष चहा घेऊ लागले. हा उपाय परिणामकारक असला, तरी तो राजाच्या व्यक्तिगत वजनावर अवलंबून होता. कायद्याचा मार्ग लांबलचक ठरला. मुंबई विधिपरिषदेत सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले व २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला. त्यानंतर स्पृश्य वादींनी न्यायालयात जी भूमिका घेतली, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. तळे खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रूढी शाबीत होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. सत्याग्रहानंतर त्यास दहा वर्षे लागली.

संविधानातील तरतूद : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (१) अन्वये शासनास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून भेद करता येत नाही. अनुच्छेद १५ (२) त्यापुढे जातो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांतील प्रवेशाबाबत कोणत्याही नागरिकावर या कारणांवरून निर्बंध असू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच अनुच्छेदातील विहिरी, तळी, घाट, रस्ते यांविषयीच्या उपखंडास शासकीय निधीची किंवा सार्वजनिक समर्पणाची अट आहे; दुकाने व हॉटेले यांच्या उपखंडास ती नाही. म्हणजेच संपूर्णपणे खाजगी मालकीचे हॉटेलही त्याच्या कक्षेत येते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत ‘दुकान’ या शब्दाच्या व्याप्तीविषयी चर्चा झाली, तेव्हा धोब्याचे किंवा न्हाव्याचे दुकान यात येते काय, अशी शंका निघाली होती. डॉ. आंबेडकरांनी उत्तरादाखल त्या शब्दाचा अर्थ अतिशय व्यापक घेतला : जो कोणी येईल त्यास सेवा देण्यास मालक जेथे तयार असतो, ते दुकान. सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन प्रकरणी (२०११) याच चर्चेचा आधार घेऊन खाजगी शिक्षणसंस्थांनाही या अनुच्छेदाच्या कक्षेत आणले.

अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ पासून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव आहे. दुकान, हॉटेल यांत मज्जाव करणे, वस्तू विकण्यास वा सेवा देण्यास नकार देणे हे त्यानुसार अपराध आहेत. व्यवसायाशी संबंधित अपराध शाबीत झाल्यास न्यायालय परवाना रद्द किंवा निलंबित करू शकते. हक्क व त्याच्या भंगाची शिक्षा या दोन्ही गोष्टी जातीपुरत्या अशा रीतीने जोडल्या गेल्या. इतर कारणांबाबत ही जोड झाली नाही, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

कायद्याचे संरक्षण हद्दीवर कसे अवलंबून असते, हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या इतिहासावरून दिसते. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे जळकोट हे तुळजापूर तालुक्यातील गाव लागते. सोलापूर मुंबई प्रांतात असल्यामुळे तेथे मुंबईचा १९४६ चा हरिजन (सामाजिक निःसमर्थता निवारण) अधिनियम लागू झाला. जळकोट निजामाच्या मुलखात असल्यामुळे त्यास तो लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर १३५८ फसली (इ. स. १९४८-४९) मध्ये हैदराबादचा त्याच आशयाचा विनियम निघाला. तोपर्यंत एकाच रस्त्यावरील एका चहाच्या दुकानात जो नकार बेकायदा होता, तो काही कोस पुढच्या दुकानात बेकायदा नव्हता. १९५५ च्या केंद्रीय अधिनियमाने हे दोन्ही प्रांतिक कायदे निरसित केले व हा फरक संपविला.

समलिंगी संबंधांची कायदेशीर स्थिती : १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध दंडनीय ठरविला. खुद्द इंग्लंडने १९६७ साली प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले, तरी भारतात ते कलम कायम राहिले. या विषयावर मराठीत शास्त्रीय दृष्टीने लिहिणाऱ्यांत र. धों. कर्वे अग्रणी होत. त्यांच्या समाजस्वास्थ्य मासिकातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना दंड झाला. सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्कासाठी भांडणाऱ्या विधिज्ञाने लैंगिक विषयावरील मोकळ्या चर्चेचाही पक्ष घ्यावा, याची नोंद चरित्रांतून क्वचितच पुरेशा ठळकपणे होते. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांच्या मित्राची गोष्ट या नाटकाने स्त्रीच्या समलिंगी प्रेमाचा विषय आणला. मुंबईत बॉम्बे दोस्त हे नियतकालिक १९९० मध्ये व हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये सुरू झाले. पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२ पासून मराठीतून काम केले.

दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशन प्रकरणी (२००९) कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते अवैध ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला. त्यानंतर २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकांतता हा मूलभूत हक्क मानला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर प्रकरणी पाच न्यायाधीशांनी एकमताने संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ सारखी तरतूदच नाही.

जोहर निर्णयातील काही मतपत्रांत अनुच्छेद १५ मधील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलाचाही अंतर्भाव होतो, असे प्रतिपादन आहे. पुरुषाने पुरुषावर प्रेम करू नये, हा निर्बंध पुरुष व स्त्री यांच्या ठरीव भूमिकांवरच आधारलेला असतो. म्हणून तो लिंगावरून केलेला भेद होय, असा हा युक्तिवाद आहे. तो १५ (१) ला लागू पडत असेल, तर तोच शब्द असलेल्या १५ (२) लाही लागू पडला पाहिजे. तसे झाल्यास दोन पुरुषांस किंवा दोन स्त्रियांस केवळ ते जोडपे आहे म्हणून खोली नाकारणारे हॉटेल संविधानाचा भंग करते, असा निष्कर्ष निघतो. प्रस्तुत लेखकास तो तर्कशुद्ध वाटतो. तथापि त्या निष्कर्षास शिक्षेची वा भरपाईची जोड देणारा सर्वसाधारण अधिनियम मात्र नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम अस्पृश्यतेपुरता मर्यादित आहे. रात्री अकरा वाजता लॉजच्या दारातून परत फिरलेल्या माणसास उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याचा सल्ला देणे म्हणजे त्यास काहीच न देण्यासारखे होय.

विशिष्ट कायद्यांतून मिळणारे संरक्षण : ही पोकळी काही कायद्यांनी अंशतः भरून काढली आहे. एचआयव्ही व एड्स अधिनियम (२०१७) बाधित व्यक्तींबाबत नोकरी, उपचार, भाड्याचे घर इ. क्षेत्रांत खाजगी व्यक्तींवरही बंधन घालतो. या विषयावरील न्यायालयीन वाटचालीत मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निर्णयाचे स्थान मोठे आहे. काम करण्यास समर्थ असलेल्या बाधित कामगारास केवळ त्या कारणावरून काम नाकारता येणार नाही, असे त्यात ठरले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम (२०१७) लैंगिक कलाचा स्पष्ट उल्लेख करतो, पण तो आरोग्यसेवेपुरता. पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम (२०१९) कोणत्याही व्यक्तीस किंवा आस्थापनेस भेदभावाची मनाई करतो व त्यात वस्तू, सेवा, निवास यांचाही समावेश करतो. समलिंगी परंतु पारलिंगी नसलेली व्यक्ती त्याच्या कक्षेबाहेर राहते.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम (२०१६) जुलै २०१७ पासून अंमलात आला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध केलेल्या या कायद्यात नैतिकता, सामाजिक स्वीकृती, राजकीय कल यांबरोबर लैंगिकता या कारणावरून समाजातील सदस्यांत भेद करणे हाही बहिष्काराचा प्रकार मानला आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यास शिक्षा आहे. एका राज्याच्या कायद्यात हा शब्द यावा, ही लक्षणीय गोष्ट असून तिची चर्चा फारशी झालेली नाही. परंतु या कायद्यातील अपराध एकाच समाजातील सदस्यांच्या परस्परसंबंधांत घडतो. स्वतःच्या बिरादरीने मुलास वाळीत टाकले, तर तो लागू पडू शकेल. अनोळखी दुकानदाराच्या नकारास तो लागू पडत नाही.

व्यवसायस्वातंत्र्याची बाजू : अनुच्छेद १९ (१) (छ) अन्वये कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य असून त्यावर सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. गिऱ्हाईक निवडण्याच्या हक्काचे समर्थन करणारे तीन गोष्टी मांडतात : करार हा दोघांच्या संमतीचा असतो, एका ठिकाणी नकार मिळाला तर दुसरे दुकान असते, आणि मालकाच्या धर्मबुद्धीस न पटणारे काम त्याच्याकडून सक्तीने करवून घेणे योग्य नव्हे. यांपैकी दुसरा मुद्दा मोठ्या शहरात काही अंशी खरा असतो. तालुक्याच्या गावी एकच बरे लॉज, एकच मंगल कार्यालय आणि दोन आचारी असतात. तेथे तो टिकत नाही. तिसरा मुद्दा मात्र गंभीर असून त्याचा विचार पुढे केला आहे.

निवासाच्या बाबतीत न्यायालयांचा कल नेहमी समानतेकडे राहिला, असे म्हणता येणार नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व पारशांपुरते ठेवले, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये संघस्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरविले. भाड्याने घर देणारा मालक तर बहुधा कोणतेच कारण सांगत नाही. दलाल ‘फॅमिली’साठीच घर आहे, एवढेच कळवितो. लॉजच्या बाबतीतही ‘फक्त विवाहित जोडप्यांसाठी’ असा नियम आढळतो. अविवाहित प्रौढ स्त्री-पुरुषांनी हॉटेलात एकत्र राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने कोईमतूर येथील एका निवासस्थानाला प्रशासनाने सील ठोकल्याच्या प्रकरणी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तो निर्णय प्रशासनाच्या कारवाईविरुद्ध होता. मालकाने स्वतःहून नियम केल्यास काय, हा प्रश्न त्यात नव्हता.

विवाहित असण्याच्या या अटीचा समलिंगी जोडप्यांच्या दृष्टीने वेगळाच अर्थ होतो. स्त्री-पुरुष जोडप्यास विवाह करून ती पुरी करता येते. समलिंगी जोडप्यास ती कधीच पुरी करता येत नाही. कारण सुप्रियो प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि ३ विरुद्ध २ अशा बहुमताने अन्य स्वरूपाच्या सहजीवनासही कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाचे अर्जही फेटाळले गेले. जनतेस उपलब्ध असलेल्या वस्तू व सेवा मिळण्यात भेदभाव होऊ नये याची शासनाने दक्षता घ्यावी, असा निर्देश सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या मतपत्रात होता; परंतु ते मत अल्पमताचे ठरले. केंद्र शासनाने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांस नामनिर्देशित करण्यास अशा व्यक्तींना आडकाठी नाही, असा खुलासा ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह अधिनियमात दुरुस्ती सुचविणारे खाजगी विधेयक २०२२ मध्ये मांडले होते.

इतर देशांतील निर्णय : अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमास अटलांटातील एका मोटेलमालकाने आव्हान दिले. नको असलेल्या गिऱ्हाइकाची सेवा करण्यास भाग पाडणे ही वेठबिगारी होय, असाही त्याचा एक युक्तिवाद होता. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीचा आधार वर्णभेद चालू ठेवण्यासाठी घेतला गेला, हा इतिहासातील एक विचित्र योग म्हटला पाहिजे. न्यायालयाने तो फेटाळला. ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलमधील एका हॉटेलच्या मालकांनी धर्मश्रद्धेमुळे दुहेरी पलंगाची खोली फक्त विवाहित स्त्री-पुरुषांस देण्याचा नियम ठेवला होता. दोन पुरुषांच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो भेदभाव ठरविला. भारतीय लॉजच्या नियमाशी त्याचे साम्य उघड आहे.

छापील वा लिखित मजकुराचा प्रश्न आला की निर्णय बदलतात. उत्तर आयर्लंडमधील एका बेकरीने समलिंगी विवाहास पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहिण्यास नकार दिला. नकार व्यक्तीस नसून संदेशास होता. ते वाक्य कोणीही मागितले असते तरी बेकरीने लिहिले नसते, या कारणास्तव २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीस दोषी धरले नाही. अमेरिकेत मास्टरपीस केकशॉप प्रकरणाचा (२०१८) निकाल कोलोरॅडोच्या आयोगाने केकवाल्याच्या धर्माविषयी दाखविलेल्या आकसापुरताच राहिला. २०२३ च्या ३०३ क्रिएटिव्ह प्रकरणी मात्र न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी विवाहांची संकेतस्थळे रचणाऱ्या स्त्रीस स्वतःच्या मताविरुद्ध मजकूर निर्माण करण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले. अभिव्यक्ती व सामान्य सेवा यांतील सीमा त्यामुळे धूसर झाली, अशी टीका अल्पमतातील न्यायाधीशांनी केली.

ही सीमा आपल्याकडील व्यवसायांना लावून पाहिल्यास बरेचसे धुके निवळते. लॉजची खोली, खानावळीतील ताट, मंडप, खुर्च्या, वाढपी, घोडा, रोषणाई यांत मालकाचे कोणतेही मत व्यक्त होत नाही. आचाऱ्याने केलेल्या भातावरून जेवणाऱ्याच्या विवाहास त्याची संमती आहे, असे कोणी मानीत नाही. मंगल कार्यालयाचा मालक आंतरजातीय विवाहास जागा नाकारू लागला, तर धर्मबुद्धीचे कारण कोणी ऐकून घेणार नाही. समलिंगी जोडप्याच्या बाबतीत ते ऐकून घ्यावयाचे असल्यास या दोहोंत फरक काय, हे सांगण्याची जबाबदारी ते मांडणाऱ्यावर येते. याउलट समारंभात आशीर्वचन म्हणणे, मंगलाष्टके रचून देणे किंवा पौरोहित्य करणे ही कामे वेगळ्या प्रकारची होत व त्यांची सक्ती करणे अयोग्य ठरेल. छापखाना मध्ये पडतो. ठराविक नमुन्याच्या पत्रिकेत दोन नावे जुळविणे ही सेवा आहे. मजकूर स्वतः लिहून देणे हे लेखन आहे. एकाच दुकानातील दोन कामांना दोन नियम लावणे व्यवहारात अवघड असले, तरी न्यायालयांस याहून सूक्ष्म भेद करावे लागतात.

सर्वसमावेशक भेदभावप्रतिबंधक कायद्याची सूचना भारतात नवी नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. तिच्या अनुषंगाने नेमलेल्या, प्रा. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००८ मध्ये अहवाल दिला. लोकसभेत शशी थरूर यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या भेदभावप्रतिबंध व समानता विधेयकात लैंगिक कलाचा समावेश होता आणि खाजगी व्यक्तींवरही बंधने होती. ते संमत झाले नाही. अशा कायद्याचा मसुदा करताना कारावासापेक्षा भरपाई व परवान्याविषयीची कारवाई यांवर भर देणे इष्ट ठरेल. १९५५ च्या अधिनियमाखालील खटले शाबीत होण्यात येणाऱ्या अडचणींचा अनुभव तसेच सुचवितो. फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा मालकास मिळतो. दिवाणी स्वरूपाच्या प्राधिकरणापुढे नकाराचे कारण सांगण्याचा भार त्याच्यावर टाकता येतो. घरातील एखादी खोली भाड्याने देणारे कुटुंब आणि शंभर खोल्यांचे हॉटेल यांना एकच नियम लावावा काय, हाही प्रश्न मसुदा करणाऱ्यांपुढे येईल. अमेरिकेच्या १९६४ च्या अधिनियमाने मालक स्वतः राहत असलेल्या, पाचांहून अधिक खोल्या भाड्याने न देणाऱ्या घरांस वगळले आहे.